ढीग किती पसरवायचा? केडीई आणि बँडविड्थबद्दल

आजचा भाग शक्यतो शांत बसून ऐका, गाडी चालवताना नको. कारण डोळ्यांसमोर चित्र आणावं लागणार आहे आणि पॉडकास्टवर चित्र काढायची सोय नाही. वाचत असाल तर हा त्याच बोलण्याचा मजकूर आहे, जरासा झाडूनपुसून घेतलेला.

प्रश्न असा आहे. पायथनमध्ये सीबॉर्न वापरून केडीईप्लॉट लिहिलं, किंवा आरमध्ये डेन्सिटी लिहून प्लॉट केलं, की एक सुंदर गुळगुळीत रेषा येते. उंचवटा, उतार, लांबलेली शेपटी. प्रेझेंटेशनमध्ये टाकली की लोक माना डोलावतात. पण ती रेषा येते कुठून? आपल्या डेटात तर नुसते आकडे होते, ठिपके. मग मधल्या जागा कोणी भरल्या?

या प्रकाराचं पूर्ण नाव कर्नल डेन्सिटी एस्टिमेशन, लाडाचं नाव केडीई. नाव ऐकून घाबरू नका, आतलं गणित बेरजेचं आहे.

आधी हिस्टोग्राम आठवा. कप्पे करायचे, कुठल्या कप्प्यात किती आकडे पडले ते मोजायचं, तेवढे उंच खांब उभे करायचे. शाळेपासून करतोय. त्यात एक खोच आहे: कप्पे कुठून सुरू करायचे हे आपण ठरवतो. शून्यापासून सुरू केले तर एक चित्र, अर्ध्यापासून सुरू केले तर दुसरं. डेटा तोच. काठावरचा एखादा आकडा इकडच्या कप्प्यातून तिकडे उडी मारतो आणि खांब बदलतात.

केडीई कप्पेच काढून टाकतो. जमिनीवर एक रेघ आखा, ती आपली मोजपट्टी. प्रत्येक आकड्याच्या जागी चिमूटभर रांगोळी सोडा. चिमूट प्रत्येकाला सारखी. जिथे आकडे जवळजवळ आहेत तिथे ढीग एकमेकांवर पडून उंच होणार, जिथे तुरळक आहेत तिथे पातळ थर राहणार. सगळ्या ढिगांची बेरीज म्हणजे ती गुळगुळीत रेषा. झालं, केडीई संपला.

आता हात किती उंच धरायचा? जमिनीला टेकवून सोडली तर रांगोळीचा बारीक टोकदार ढीग होतो. कंबरेएवढ्या उंचीवरून सोडली तर तीच चिमूट वीतभर पसरते. हाताच्या या उंचीचं नाव बँडविड्थ. इंटरनेटच्या बँडविड्थशी याचं काही नातं नाही, फक्त नाव एक. आणि ढिगाचा आकार म्हणजे कर्नल: घंटेसारखा, त्रिकोणी, चौकोनी. कर्नलवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण त्याने फारसं बिघडत नाही. गणिताने सर्वांत कमी चूक देणारा आकार १९६९ मध्ये एपानेचनिकोव्ह या रशियन गणितज्ञाने मांडला. पण आपला नेहमीचा घंटेसारखा गाउसियन त्याच्या तुलनेत ९५ टक्के कार्यक्षम आहे आणि साधा चौकोनसुद्धा ९३ टक्के. इंटरव्ह्यूमध्ये कर्नलची नावं विचारतात, ती पाठ असू द्या. प्रत्यक्षात सगळा खेळ हाताच्या उंचीचा.

इतिहास पटकन. १९५१ मध्ये फिक्स आणि हॉजेस या दोघांनी अमेरिकन हवाई दलाच्या टेक्सासमधल्या एव्हिएशन मेडिसिन स्कूलसाठी एक अहवाल लिहिला. त्यात ही कल्पना होती, आणि मशीन लर्निंग शिकणाऱ्यांना माहीत असलेल्या केएनएनची मुळंही त्यातच. तो अहवाल रीतसर छापला गेला तो १९८९ मध्ये! मधल्या काळात रोझेनब्लाट यांनी १९५६ मध्ये आणि पार्झन यांनी १९६२ मध्ये यावर पेपर लिहिले, म्हणून पुस्तकांत 'पार्झन विंडो' असंही नाव दिसतं. तेच हे.

आता खरा डेटा घेऊ. आर इन्स्टॉल केलंत की त्यात फेथफुल नावाचा एक डेटासेट फुकट मिळतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमध्ये ओल्ड फेथफुल नावाचा गीझर आहे. आपल्याकडे गीझर म्हटलं की बाथरूममधला आठवतो. हा जमिनीतून उसळणारा, थोड्या थोड्या वेळाने उकळत्या पाण्याचा फवारा उडवणारा. डेटासेटमध्ये २७२ नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत दोन आकडे: फवारा किती मिनिटं चालला आणि पुढच्या फवाऱ्याला किती मिनिटं लागली. फवारा साधारण १.६ ते ५.१ मिनिटांचा. थांबावं लागतं ४३ ते ९६ मिनिटं.

फवाऱ्याच्या वेळेची सरासरी ३.४९ मिनिटं येते. ऐकायला बरोबर वाटतं. पण केडीई काढलात की दोन उंचवटे दिसतात, एक दोन मिनिटांच्या आसपास आणि दुसरा सव्वाचार-साडेचारच्या. मध्ये दरी. म्हणजे हा गीझर दोन प्रकारचे फवारे उडवतो, आखूड आणि लांब. ३.४९ हा आकडा दोघांच्या मधल्या उतारावर एकटाच उभा आहे. आणि याचा तिथे उभ्या असलेल्या माणसाला उपयोग आहे बरं का. या डेटात आखूड फवाऱ्यानंतर साधारण ५५ मिनिटांनी पुढचा येतो, लांब फवाऱ्यानंतर साधारण ८० मिनिटांनी. सगळ्यांना सरसकट '७१ मिनिटं थांबा' म्हणून सांगितलं तर निम्मे लोक उगाच ताटकळतील आणि काहीजण चहा घेऊन येईपर्यंत फवारा होऊन गेलेला असेल. तिथले लोक आजही मागचा फवारा किती वेळ चालला ते बघूनच पुढचा अंदाज देतात. (हा डेटा जुना आहे, आता थांबण्याचा वेळ वाढलाय. सहलीला जाणार असाल तर माझ्या भरवशावर जाऊ नका.)

तर दोन उंचवटे दिसणं महत्त्वाचं. ते दिसतील की नाही, हे हाताच्या उंचीवर ठरतं.

आरमध्ये काहीही न सांगता डेन्सिटी चालवलं तर फवाऱ्याच्या वेळेसाठी बँडविड्थ येते ०.३३ मिनिटं, म्हणजे साधारण २० सेकंद. हा आकडा सिल्व्हरमन यांच्या ठोकताळ्यातून येतो. त्यांचं १९८६ चं डेन्सिटी एस्टिमेशनवरचं पुस्तक या विषयातलं घराघरातलं पुस्तक म्हणा. ठोकताळ्यामागचं गृहीत असं की डेटा साधारण एकाच उंचवट्याचा, घंटेच्या आकाराचा असेल. गंमत बघा, आपण केडीई काढतो ते आकार माहीत नाही म्हणून, आणि डिफॉल्ट आकार गृहीत धरून बसलेलं. दोन उंचवट्यांचा डेटा असेल तर हा ठोकताळा हात जरा जास्तच वर धरतो. ओल्ड फेथफुलचे उंचवटे इतके लांब आहेत की तरीही दोन्ही दिसतात, पण फुगलेले, पसरट. त्याच फंक्शनला 'एसजे' पद्धत वापर म्हणून सांगितलं, म्हणजे शीदर आणि जोन्स यांची १९९१ ची पद्धत, की बँडविड्थ ०.१४ वर येते आणि दोन्ही उंचवटे नीट उठून दिसतात. आणि आरच्या मदतपानावर चक्क लिहिलंय की डिफॉल्ट जुन्या कोडशी जुळावं म्हणून तसंच ठेवलंय, सर्वांसाठीची शिफारस म्हणून नव्हे. ते पान किती जण वाचतात, सांगा बरं.

पायथनवाले हसू नका, तुमच्याकडे जास्त गंमत आहे. सायकिट-लर्नमध्ये कर्नलडेन्सिटी नावाचा क्लास आहे. त्याची डिफॉल्ट बँडविड्थ १.०. डेटा कुठलाही असो, १.०. एक काय? तुमच्या डेटाचं जे एकक असेल ते एक. गीझरचा डेटा मिनिटांत दिलात तर एक मिनिट, आणि एका मिनिटाचा पसारा इतका मोठा की दोन्ही उंचवटे एकमेकांत मिसळून एकच टेकडी उरते, बाजूला नुसता खांदा. दुसरा फवारा गायब! तोच डेटा ६० ने गुणून सेकंदांत दिलात तर बँडविड्थ एक सेकंद होते आणि रेषा कंगव्याच्या दातांसारखी येते. गीझर तोच, नोंदी त्याच, कोडची ओळ तीच. मिनिटांऐवजी सेकंद, एवढाच फरक.

सायपायमधला गाउसियन केडीई शहाणा आहे, तो डेटाच्या पसाऱ्याकडे बघून बँडविड्थ ठरवतो. पण त्याच्यात वेगळाच खड्डा आहे. आरमध्ये तुम्ही बँडविड्थ ४ दिलीत तर ती खरंच ४ मिनिटं असते. सायपायला ४ दिलंत तर तो त्या ४ ला डेटाच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने गुणतो. थांबण्याच्या वेळेचं स्टँडर्ड डेव्हिएशन १३.६ मिनिटं आहे. म्हणजे ४ गुणिले १३.६, बँडविड्थ ५४ मिनिटं! सगळा डेटाच ५३ मिनिटांच्या पट्ट्यात मावतो. चित्र म्हणजे भाकरीसारखं सपाट. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही. आरमधलं कोड पायथनमध्ये हलवताना हा एक आकडा आधी तपासा. मला विचाराल तर ही त्या लायब्ररीतली सर्वांत दुष्ट सोय आहे, नावात 'बीडब्ल्यू' म्हणायचं आणि घ्यायचा गुणक.

एव्हाना काहींना वाटत असेल, मग हात खालीच धरावा ना, बारीक दिसू दे सगळं. थांबा.

ओल्ड फेथफुलचाच आणखी एक डेटासेट आहे, आरच्या मास पॅकेजमध्ये, नाव गीझर. १ ते १५ ऑगस्ट १९८५, सलग, रात्रंदिवस घेतलेल्या २९९ नोंदी. यावर बँडविड्थ अगदी कमी केली की बरोबर ४ मिनिटांवर एक टोकदार सुळका उभा राहतो. गीझरला ४ हा आकडा इतका का आवडावा? उत्तर डेटासेटच्या माहितीत आहे. रात्रीच्या काही फवाऱ्यांची वेळ मिनिट-सेकंदात लिहिलेली नव्हती, नुसतं 'आखूड', 'मध्यम', 'लांब' असं लिहिलेलं होतं. नंतर त्यांना २, ३ आणि ४ असे आकडे दिले गेले. म्हणजे तो सुळका जमिनीखालच्या पाण्याचा नाही. तो अंधारात घेतलेल्या नोंदींचा आहे. हात खाली धरलात म्हणून तुम्हाला सत्य दिसत नाही, जे काही डेटात पडलंय ते सगळं दिसतं, माणसांच्या सवयींसकट.

हा डेटासेट मला फार आवडतो. पुस्तकं त्याला 'आदर्श उदाहरण' म्हणून देतात आणि त्यात रात्रीची झोप दडलेली आहे.

आता ऑफिसमधलं एक सांगतो. कंपनीचं नाव राहू द्या. आमच्या ॲपचं एक पान उघडायला किती वेळ लागतो, याचा आढावा चालला होता. या पानाची एक हलकी आवृत्तीही आहे, कमी चित्रं, कमी जावास्क्रिप्ट, कमजोर फोनसाठी. ती सांभाळायला वेळ जातो, म्हणून ती बंद करावी असा प्रस्ताव होता. स्लाइडवर केडीई होता. एक गुबगुबीत उंचवटा आणि उजवीकडे लांब शेपटी. आमची सीनियर म्हणाली, "बघा, बहुतेक सगळे एकाच ठिकाणी आहेत. शेपटी तर प्रत्येक सिस्टिमला असते."

मला दोन गोष्टी खटकल्या. एक, रेषा डावीकडे शून्याच्या मागे गेली होती. म्हणजे काही लोकांचं पान त्यांनी बोट लावायच्या आधीच उघडलं! हे सीबॉर्न करतं. डिफॉल्टमध्ये ते रेषा डेटाच्या टोकापुढे तीन बँडविड्थ ओढतं. कट नावाचं सेटिंग शून्य केलं की ती तिथे थांबते खरी, पण थांबते म्हणजे नुसती कापली जाते. भिंतीपलीकडे सांडलेली रांगोळी परत आत येत नाही, आणि शून्याजवळची उंची खोटीच राहते. रेषा शून्याच्या एवढी मागे जाते म्हणजे हात भलताच वर आहे, एवढं मात्र त्यावरून कळतं. दुसरं खटकलं ते असं की वेळेचा डेटा एका बाजूला ताणलेला असतो. अर्ध्या सेकंदाजवळ जो पसारा चालतो तो दहा सेकंदांजवळ चालत नाही, आणि इथे सगळीकडे हात एकाच उंचीवर.

मी म्हटलं, "अगं, एकदा लॉग स्केलवर काढूया? आणि बँडविड्थ निम्मी करूया." ती म्हणाली, "कर की, नोटबुक उघडंच आहे." लॉग घेतल्यावर ऋण वेळेचा प्रश्नच मिटतो. सीबॉर्नमध्ये लॉग स्केल ट्रू, बीडब्ल्यू ॲडजस्ट ०.५. दोन शब्दांचा बदल.

शेपटीतून दुसरा उंचवटा वर आला. पहिल्यापेक्षा बुटका, पण स्पष्ट. आणि त्याच्या पलीकडे एक सुईसारखा सुळका.

सुळका आमचाच होता. सर्व्हरने ठरावीक वेळात उत्तर दिलं नाही की ॲप आपोआप पुन्हा विचारतं, तो ठरावीक वेळ तिथेच होता. ऑगस्ट १९८५ च्या रात्रीसारखा, मोजणाऱ्यानेच तयार केलेला. पण बुटका उंचवटा तसा नव्हता. बँडविड्थ थोडी वाढवून बघितली, थोडी कमी करून बघितली, तो जागचा हलेना. मग फोनच्या मॉडेलप्रमाणे डेटा वेगळा केला. कमी रॅमचे, जुने अँड्रॉइड फोन एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. बुटका उंचवटा जवळजवळ सगळा पहिल्या बाजूला गेला. हेच ते लोक ज्यांच्यासाठी हलकी आवृत्ती केली होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ती मिळतच नव्हती, कारण फोन ओळखायच्या आमच्या यादीत त्यांची मॉडेलं नव्हती.

माझ्या आत्याकडे असा फोन आहे. ती पान उघडायला टाकून भाजी निवडायला घेते. तिच्यालेखी ॲप चालतं. आमच्या स्लाइडवर ती शेपटी होती.

हलकी आवृत्ती तूर्तास राहिली आहे. यादी वाढवायचं काम माझ्याकडे आलं, ते वेगळं.

तर बँडविड्थ किती ठेवायची? ऑटोमॅटिक पद्धत वापरायची असेल तर आरमध्ये 'एसजे'पासून सुरुवात करा. सायकिट-लर्नमध्ये क्रॉस व्हॅलिडेशनने निवडा: काही नोंदी बाजूला ठेवायच्या, उरलेल्यांवरून रेषा काढायची, आणि बाजूला ठेवलेल्यांना कुठली रेषा जास्त संभाव्य मानते ते बघायचं. पण गोल केलेले, पुन्हा पुन्हा येणारे आकडे असतील तर क्रॉस व्हॅलिडेशन फसून फार बारीक बँडविड्थ निवडू शकतं, तेव्हा डोळे उघडे ठेवा. आणि जास्त डेटा मिळाला की सगळं आपोआप सुधारेल ही आशा फार धरू नका. ठोकताळ्यात बँडविड्थ नोंदींच्या संख्येच्या पाचव्या मुळाने कमी होते. म्हणजे बँडविड्थ निम्मी व्हायला डेटा ३२ पट लागतो.

मी स्वतः काय करतो, तर स्लायडर. नोटबुकमध्ये बँडविड्थला एक स्लायडर लावायचा आणि बारीकपासून जाडपर्यंत सावकाश सरकवत न्यायचं. काही उंचवटे लगेच विरघळतात, काही बराच वेळ टिकून राहतात. जे टिकतात त्यांच्याबद्दल प्रश्न विचारायचे. सिल्व्हरमन यांनी १९८१ मध्ये यावरूनच एक रीतसर चाचणी बनवली, कुठल्या बँडविड्थला दुसरा उंचवटा नाहीसा होतो ते बघायची. पण नुसत्या बोटाने सरकवूनही बरंच कळतं. आणि ग्राफखाली बँडविड्थचा आकडा एककासकट लिहायचा. आर तो आपोआप लिहितं, बाकीचे लिहीत नाहीत.

अजून एक, कारण हे तुमच्या फोनवर रोज दिसतं. नकाशावरचे लाल-पिवळे हीटमॅप. तेही बहुतेक वेळा केडीईच असतात, फक्त रेघेऐवजी जमिनीवर. क्यूजीआयएस या फुकटच्या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये त्या टूलच्या नावातच कर्नल डेन्सिटी एस्टिमेशन आहे. तिथे बँडविड्थला त्रिज्या म्हणतात. आणि ठिपक्यांच्या लेयरला हीटमॅप स्टाइल दिली की ही त्रिज्या सुरुवातीला मिलिमीटरमध्ये असते, स्क्रीनवरच्या मिलिमीटरमध्ये. झूम आउट केलं की तेवढ्याच मिलिमीटरमध्ये अख्खा तालुका येतो, झूम इन केलं की एक गल्ली. म्हणजे नुसतं दोन बोटांनी चिमटा काढला की लाल डाग सरकतात, वाढतात, जुळतात. आपल्या भागात चोऱ्या किंवा अपघात 'इथेच जास्त होतात' असा लाल नकाशा ग्रुपवर फिरत आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: त्रिज्या किती मीटर ठेवली होती?

करून बघायचं असेल तर आर उघडा, फेथफुल लिहा, एंटर मारा. फोनवरही चालतं, ब्राउझरमध्ये आर चालवणाऱ्या साइट्स आहेत. स्लायडर सरकवताना काही भन्नाट दिसलं तर स्क्रीनशॉट पाठवा, बँडविड्थच्या आकड्यासकट. चला, भेटू पुढच्या भागात.